दुसरा अपराध आणि पहिली फिर्याद



वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता दिवसभराचे काम आटोपून, सायंकाळच्या वाऱ्यावर चार चांगले विचार ऐकावे म्हणून येतो. त्याच्यापुढे आजचा विषय मांडताना आमच्या मनाला संकोच वाटला नाही असे नाही. लहान मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार, आणि असा अपराध पुन्हा करणाऱ्याला कायदा काय शिक्षा देतो, हा तो विषय. घरात हा विषय निघाला की आपण मुलांना बाहेर खेळायला पाठवितो आणि आवाज खाली करतो. परंतु जो विषय घरात दबक्या आवाजात बोलला जातो, तो सभेत स्पष्ट आवाजात बोलला जाणे कधी कधी आवश्यक असते. आमच्या मावळाने तर तो बोलण्याचे टाळण्याची मुभाच आता ठेवलेली नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लोणावळ्यात एका लग्नासाठी आलेल्या कुटुंबातील सात वर्षांची मुलगी नाहीशी झाली, आणि शोधाशोध चाललेली असताना तिचा मृतदेह लग्नाच्याच जागी सापडला. गाव बंद राहिला, माणसे रस्त्यावर आली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये मावळातल्याच कोथुर्णे गावात, तितक्याच वयाच्या मुलीला घराजवळून नेऊन तिच्यावर अत्याचार करून तिला मारण्यात आले. अपराधी परका नव्हता; शेजारचाच तरुण होता. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सांगितली, आणि पुरावा नाहीसा करण्यास साहाय्य केल्याबद्दल त्याच्या आईला सात वर्षांची. ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२४ म्हणजे सुमारे वीस महिने. आपल्याकडील न्यायाची चाल पाहता हा वेग लहान नव्हे.

या दोन्ही वेळी निघालेल्या मोर्चांत आणि चौकाचौकांतल्या बोलण्यात एक प्रश्न आम्ही वारंवार ऐकला : "अशी माणसे एकदा सापडल्यावर पुन्हा सुटतातच कशी? दुसऱ्यांदा असे करणाऱ्याला कायदा अधिक कडक का होत नाही?" प्रश्न संतापाने विचारलेला असला तरी तो फार योग्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्याचे नाही. ते थोडे मागे जाऊनच द्यावे लागेल.

पुन्हा अपराध करणाऱ्याला जास्त शिक्षा, ही कल्पना आपल्या कायद्यात नवी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतच ७५ वे कलम होते. एकदा शिक्षा भोगलेला मनुष्य तोच धंदा पुन्हा करू लागला तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येईल, असे ते सांगे. पण कोणता धंदा? खोटी नाणी पाडणे, खोटे सरकारी स्टँप करणे, चोरी, दरोडा, फसवणूक. म्हणजे सरकारचा खजिना आणि लोकांची तिजोरी यांवर दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्याची कायद्याने १८६० सालीच स्वतंत्र दखल घेतली होती. लेकरावर दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्याची मात्र नव्हती. त्यासाठी पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. समाज कशाला मोल देतो ते त्याच्या भाषणांत दिसत नाही, दंडाच्या कोष्टकात दिसते, असे आम्हांस वाटते ते याचमुळे.

मधल्या काळात कायदा अगदीच स्वस्थ बसला होता असे नव्हे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा करण्यात आले. त्या वेळी पुण्यात केवढे रण माजले हे आपणांस ठाऊकच आहे. सरकारने आमच्या घरात हात घालू नये असे टिळक म्हणत, तर आगरकर आणि डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे होते. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. त्यातून एवढेच ध्यानात घ्यावयाचे की "हा आमच्या घरातला प्रश्न आहे" हे वाक्य या विषयाला जन्मापासून चिकटलेले आहे, आणि ते अजून सुटलेले नाही.

मुलांसाठी असा वेगळा, पूर्ण कायदा आला तो २०१२ साली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा हा अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. लोक त्याला 'पोक्सो' म्हणतात. आपणही तेच नाव वापरू. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे, मग तो मुलगा असो वा मुलगी. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण बलात्काराच्या जुन्या व्याख्येत मुलग्याला जागाच नव्हती. तत्पूर्वीची स्थिती काय होती ते एका खटल्यावरून कळेल. मुंबईत अनाथ मुलांसाठी निवारा चालविणाऱ्या दोन ब्रिटिश गृहस्थांवर मुलांवरील अत्याचाराचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने २००६ मध्ये सहा वर्षांची सक्तमजुरी दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सहा वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली. आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांचा विश्वासघात, आणि मोल सहा वर्षे!

आता आजच्या कायद्याची शिडी पाहू. तिच्या पायऱ्या नीट समजल्या म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर आपोआप जवळ येईल.

सर्वांत खालची पायरी म्हणजे वाईट हेतूने बोलणे, खुणा करणे, मुलाचा पाठलाग करणे. तीन वर्षांपर्यंत कैद. त्यावरची, वाईट हेतूने अंगाला स्पर्श करणे. तीन ते पाच वर्षे. या पायरीविषयी नागपूर खंडपीठाचा एक निकाल जानेवारी २०२१ मध्ये गाजला. कपड्यांवरून केलेला स्पर्श या कलमात बसत नाही, असे त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो निकाल रद्द केला आणि सांगितले की पाहावयाचा तो हेतू, मधले कापड नव्हे. त्यावरची पायरी प्रत्यक्ष बलात्काराची. तिची किमान शिक्षा २०१९ पासून दहा वर्षे आहे, आणि बालक सोळा वर्षांखालील असेल तर वीस. सर्वांत वरची पायरी 'गंभीर' प्रकारांची. बालक बारा वर्षांखालचे असेल, अपराधी पोलीस, शिक्षक, वसतिगृहाचा चालक किंवा नात्यातला असेल, तर अपराध या पायरीवर जातो. १६ ऑगस्ट २०१९ पासून त्याला किमान वीस वर्षे सक्तमजुरी, किंवा शेवटच्या श्वासापर्यंत जन्मठेप, किंवा फाशी. पूर्वी येथे किमान शिक्षा दहा वर्षांची होती.

आणि याच वरच्या पायरीवर आपला प्रश्न येऊन उभा राहतो. ज्याला पूर्वी या कायद्याखाली किंवा दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली लैंगिक अपराधाबद्दल शिक्षा झालेली आहे, त्याने बालकावर पुन्हा अत्याचार केला की तो अपराध आपोआप 'गंभीर' ठरतो. पहिला अपराध लहान असला तरी चालते. मुलाचा पाठलाग केल्याबद्दल एकदा कैद भोगलेला मनुष्य पुढे बलात्काराच्या आरोपात दोषी ठरला, तर तो थेट वरच्या पायरीवर जातो. मुलांचा अश्लील चित्रांसाठी वापर करणाऱ्यास पहिल्या खेपेस किमान पाच वर्षे आणि दुसऱ्या खेपेस किमान सात, अशी स्पष्ट वाढ आहे. याशिवाय सर्वसाधारण फौजदारी कायद्यात २०१३ साली ३७६ ई हे कलम घातले गेले : बलात्काराबद्दल एकदा शिक्षा झालेला मनुष्य पुन्हा तेच करील तर त्यास मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हे कलम ७१ व्या क्रमांकावर आहे.

म्हणजे "कायदा कडक का होत नाही?" या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, तो झालेला आहे. जगातील पुष्कळ देशांच्या मानाने तो आज अतिशय कडक आहे. मग घोडे पेंड खाते कुठे? ते खाते दोन शब्दांपाशी : "शिक्षा झालेला". कायदा "पूर्वी असे केलेला" म्हणत नाही. "पूर्वी शिक्षा झालेला" म्हणतो. गावात ज्याच्याविषयी कुजबुज आहे, ज्याला एकदा चोप देऊन सोडले, ज्याचे प्रकरण पंचांनी बसून मिटविले, तो मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कोराच आहे. त्याचा पाचवा अपराधही कायद्याच्या वहीत पहिलाच.

हे कलम प्रत्यक्षात कसे चालते ते मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यात दिसले. तेथील पीडित स्त्रिया प्रौढ होत्या, परंतु तत्त्व तेच. जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्या ओसाड गिरणीत दोन वेगवेगळे सामूहिक बलात्कार झाले. पहिल्या वेळी पीडितेने लगेच फिर्याद दिली नव्हती. दुसरी घटना उजेडात आल्यावर ती पुढे आली. तिघे आरोपी दोन्ही खटल्यांत होते. एका खटल्यात ते दोषी ठरले म्हणूनच दुसऱ्यात ३७६ ई लागू झाले, आणि ४ एप्रिल २०१४ रोजी सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. या कलमाखाली देशात दिली गेलेली ती पहिली फाशी होती. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र फाशी रद्द करून, उर्वरित आयुष्यभर पॅरोल वा फर्लो न मिळणारी जन्मठेप दिली. पहिल्या पीडितेने तोंड उघडले नसते, तर हे कलम पुस्तकातच राहिले असते. एवढी एक गोष्ट आजच्या संध्याकाळी आपण घरी नेलीत तरी आमचे श्रम कारणी लागले.

यावर कोणी म्हणेल, शिक्षा झाली नसेना का, आरोपीची जुनी कुकर्मे न्यायाधीशापुढे ठेवावीत. येथे कायद्याची एक मर्यादा आहे आणि ती शहाणपणाची आहे. चालू खटल्यात आरोपी दोषी आहे की नाही हे ठरेपर्यंत त्याची मागील शिक्षा त्याच्याविरुद्ध वाचून दाखविली जात नाही. आधी हा अपराध सिद्ध व्हावा, मग मागचा पुढे यावा. नाहीतर "हा पूर्वीही असाच वागला, म्हणजे आताही यानेच केले असणार" एवढ्यावर कोणाही माणसाला फासावर चढविता येईल, आणि खरा अपराधी मोकळाच फिरत राहील. मुलांच्या दृष्टीने यासारखी धोक्याची गोष्ट नाही.

आता पहिली शिक्षाच होत नाही ती का? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. गुन्ह्यांच्या सरकारी नोंदी पाहाव्यात तर, पोक्सोखालील बलात्काराच्या प्रकरणांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक अपराधी मुलाच्या ओळखीचे असतात : शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा, शिकविणारा. कोथुर्णेत तेच झाले. परक्या माणसाकडून खाऊ घेऊ नये असे आपण मुलांना शिकवितो. ओळखीच्या माणसाविषयी मूल काही सांगू लागले तर त्याला गप्प करतो.

गोव्याचे उदाहरण पाहावे. मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालविणारा एक प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थ १९९१ साली पकडला गेला. त्याच्याकडे मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा मोठा साठा सापडला. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. या मनुष्याने किती मुलांची आयुष्ये नासली असतील याची कल्पना करवत नाही. तरी १९९१ सालच्या त्या दिवसापर्यंत समाजाच्या नजरेत तो अनाथांचा दाताच होता. वारंवार अपराध करणारा तो हा असा असतो. तो अंधारात दबा धरून बसत नाही. मुलांजवळ राहता येईल असे काम शोधतो आणि चांगले नाव मिळवितो.

कडक शिक्षेचा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. मुलीचा बाप फाशी मागतो तेव्हा त्याला इटालियन विचारवंत बेक्कारिया ऐकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु सभेत बसलेल्या आपणांस ते ऐकविले पाहिजे. बेक्कारियाने १७६४ सालीच सांगितले की अपराध थांबतो तो शिक्षेच्या क्रूरपणाने नव्हे, तिच्या अटळपणाने. शंभरांतील दोघांना फाशी होईल या भीतीपेक्षा शंभरांतील नव्वदांना दहा वर्षे होतील ही खात्री अधिक परिणाम करते. दुसरे असे की अपराधी घरातलाच, मामा वा चुलता असला, आणि फिर्याद म्हणजे त्याचा फास असे ठरले, की घरातली माणसेच मुलाचे तोंड दाबतात. तिसरी भीती सर्वांत भयंकर : मारले काय आणि न मारले काय, शिक्षा एकच, असे अपराध्याला वाटले तर एकमेव साक्षीदार म्हणजे ते मूलच. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक मंजूर केले, त्यातही फाशी होती आणि तपासाला थोडक्या दिवसांची मुदत होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. त्यातला मुदतीचा भाग आम्हांस फाशीच्या भागापेक्षा अधिक मोलाचा वाटला.

शिक्षा भोगून सुटलेल्यांचे काय? अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून अशा माणसांची नावे-पत्ते शेजाऱ्यांना कळविले जातात. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक अपराधात शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंद आहे, परंतु ती फक्त पोलिसांना पाहता येते. ही पद्धत आम्हांस बरी वाटते. यादी चावडीवर लावली तर तिचा उपयोग जमाव करील, आणि जमावाला चौकशी ठाऊक नसते. शिवाय यादीत येतो तो पकडला गेलेला; न पकडलेल्याच्या बाबतीत यादी आपल्याला खोटी स्वस्थता देते.

पोलिसांची ही नोंद आपल्या उपयोगी पडावी म्हणून कायद्याने एक दार ठेवले आहे. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे, मुले राहतात किंवा मुलांशी नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने आपल्या नोकरवर्गाची पोलिसांकडून पडताळणी करून घेतली पाहिजे. आणि एकदा करून थांबावयाचे नाही, ठरावीक काळाने पुन्हा करावयाची आहे. आमच्या मावळाला हे फार लागू आहे. येथे निवासी शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. शनिवार-रविवार भरणारे आणि सोमवारी ओस पडणारे बंगले आहेत. पावसाळ्यात भुशीच्या धरणापाशी लोटणारी गर्दी आहे. बांधकामावर आणि वीटभट्टीवर आईबाप राबत असता दिवसभर एकटी खेळणारी मुले आहेत. शाळेच्या गाडीचा चालक, वसतिगृहाचा रखवालदार, शिकवणीचे गुरुजी यांची पडताळणी झाली आहे काय, हे विचारणे म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. प्रामाणिक माणूस त्याने दुखावत नाही.

आणखी तीन गोष्टी प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली : असा अपराध घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळविणे हे कायद्याने कर्तव्य आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडविले तर एक वर्षापर्यंत. शुद्ध हेतूने कळविणाऱ्यावर दावा चालत नाही. तेव्हा "मिटवून टाका" असा सल्ला देणारा मध्यस्थ कोणाचे भले करीत नाही; स्वतःही अपराधी ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, ते अपराधाइतकेच फिर्याद घेण्यातल्या दिरंगाईने चिडून उतरले होते. तेथील आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि त्याच्यावरचा खटला निकालापर्यंत पोचलाच नाही.

दुसरी : मुलाला चौकीवर नेऊन दरडावून विचारले जाईल ही भीती कायद्याने घालविली आहे. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा आहे. न्यायालयात त्याला आरोपीसमोर उभे करावयाचे नाही, वारंवार बोलवावयाचे नाही; आणि खटला होता होईल तो एका वर्षात संपवावयाचा आहे. हे होत नसेल तेथे ते मागण्याचा आपला हक्क आहे. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे. तो घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

तिसरी : मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, घर, काहीही प्रसिद्ध करावयाचे नाही. मोर्चाच्या फलकावर आणि मोबाईलवरच्या शोकसंदेशांत मुलीचे नाव मिरविणारे हात तिच्याच घरच्यांना कायमची जखम करतात. आम्हीही वर मावळच्या दोन्ही मुलींची नावे घेतली नाहीत, ती याचसाठी.

असो. चौकातल्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. "असा माणूस दुसऱ्यांदा सुटतो कसा?" आमचे उत्तर असे आहे की पुष्कळदा तो दुसऱ्यांदा सुटलेला नसतो; पहिल्यांदाच सुटलेला असतो, आणि त्याला सोडणारे न्यायालय नसते. एखाद्या घरात एक मूल काही सांगू लागलेले असते, आणि कोणीतरी मोठे माणूस म्हणालेले असते, "गप्प बस, ते काका आपल्या घरचे आहेत." कलम ७१ त्या क्षणी निकामी होते. उद्या असे काही आपल्या कानी आले, तर हातातले काम बाजूला ठेवून, मुलाच्या उंचीला बसून, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे आणि "तू सांगितलेस ते बरे केलेस" एवढे त्याला म्हणावे. पोलीस ठाण्याची पायरी त्यानंतरची. पुढच्या मुलाचे संरक्षण तेथून सुरू होते.